नाश्ता किती वाजता मिळेल?

खोली ठरवताना आपण काय काय विचारतो? गरम पाणी आहे का, कमोड आहे का, लिफ्ट आहे का, देऊळ किती लांब, गाडी कुठं लावायची. नाश्त्याचा विषय निघालाच तर तो पैशांच्या बोलण्यात निघतो, ‘नाष्टा धरून का वेगळा?’ माझ्याकडे येणाऱ्या डायबेटिसच्या पेशंटना मी आणखी एक प्रश्न विचारायला सांगतो. नाश्ता किती वाजता मिळेल?

हे सांगायची वेळ माझ्यावर वारंवार येते, कारण आमचं दुधनी अशा जागी आहे. सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावर, महाराष्ट्राच्या अगदी काठावर. एका बाजूला अक्कलकोट, सीमा ओलांडली की दुसऱ्या बाजूला गाणगापूर. बाहेरगावचे लोक या दोन्ही ठिकाणी जाताना आमच्या स्टेशनवरून पुढे जातात. आणि गावातले लोक तुरीची पट्टी हातात पडली की कुठं ना कुठं निघतातच: तुळजापूर, पंढरपूर, पोरीच्या घरी पुण्याला, नाहीतर तपासण्यांसाठी सोलापूरला. निघण्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात येतात. ‘डॉक्टर, आठ दिवसांच्या गोळ्या लिहून द्या.’ गोळ्या मी लिहून देतो, पण त्याबरोबर मुक्कामाची चौकशीही करतो. काही जणांना वाटतं, डॉक्टरला गप्पा मारायला वेळ दिसतोय.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. माणूस ओळखू येऊ नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. साठी ओलांडलेले एक काका, पुण्याकडचे. दुधनीजवळच्या एका खेड्यात त्यांच्या बहिणीचं घर. दत्तजयंतीच्या आसपास गाणगापूरला मुक्काम करायचा आणि तिथून बहिणीकडे यायचं असा बेत होता. खोली चांगली मिळाली होती, ‘नाश्ता फ्री’ म्हणून सांगितलेली. काकांनी पहाटे साडेपाचला अंघोळ केली आणि सहाला रोजची डायबेटिसची गोळी घेतली. घरीही ते तसंच करत. घरी गोळी घेतली की दहा मिनिटांत चहा-पोळी समोर यायची. इथं खालच्या हॉलमधला नाश्ता साडेआठला सुरू होणार होता. काकू म्हणाल्या, तोवर संगमावर जाऊन येऊ, दर्शन उरकू, म्हणजे आल्यावर निवांत खाता येईल. भीमा-अमरजेचा संगम मठापासून काही किलोमीटर लांब आहे. तिथं जाऊन, स्नान करून, परत येऊन मठाच्या रांगेत उभं राहीपर्यंत साडेनऊ वाजून गेले.

रांगेत काकांना घाम फुटला. डिसेंबरची थंडी, आणि सदरा भिजलेला. मग ते चिडले, पुटपुटायला लागले, काकूंनी धरलेला हात त्यांनी झटकून टाकला. आता गाणगापूर हे असं ठिकाण आहे, की बाधा झाली म्हणून लांबलांबून माणसं तिथं आणली जातात. थरथरणारा, असंबद्ध बोलणारा माणूस तिथं दिसला की भोवतीच्यांच्या मनात पहिली शंका कुठली येते, ते मी सांगायला नको. लोक बाजूला सरकले. कुणी हात जोडले. काकू स्वतः घाबरून हात जोडून उभ्या राहिल्या. रांगेतल्याच एका बाईंनी विचारलं, ‘यांना शुगर आहे का हो?’ त्यांच्या आईला डायबेटिस होता, हे सगळं त्यांनी घरात पाहिलेलं होतं. त्यांनी पिशवीतले दोन पेढे काकांना भरवले. वीसेक मिनिटांत काका ताळ्यावर आले.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बरं वाटलं म्हणून सगळे निर्धास्त झाले. गाणगापूरला दुपारी मधुकरी मागायची प्रथा आहे. काका म्हणाले, आता पेढा पोटात गेलाच आहे, जेवायचं ते मधुकरीचंच. ती मिळाली बारा वाजून गेल्यावर, आणि दोघांनी प्रसाद म्हणून चार-चार घास घेतले. मग गाडीत बसले. दुधनीच्या अलीकडे काकांना पुन्हा घाम आला, जीभ जड झाली. माझ्या दवाखान्यात आणलं तेव्हा ग्लुकोमीटरनं 46 दाखवले. गिळता येत होतं हे नशीब. पाण्यातून ग्लुकोज दिलं, नंतर आमच्या सिस्टरांच्या डब्यातली भाकरी आणि डाळ खायला लावली, आणि संध्याकाळपर्यंत बसवून ठेवून तासातासाला शुगर पाहिली. काकांना ते बसवून ठेवणं अजिबात आवडलं नाही. बहिणीकडे पुरणपोळी वाट पाहत होती.

हे का झालं? रात्रभर आपण खात नाही, तरी रक्तातली साखर तळाला जात नाही, कारण यकृत आपल्याकडची साठवण थोडी थोडी सोडत असतं. त्या हिशेबानं स्वादुपिंड इन्सुलिनचं प्रमाण कमी-जास्त करतं. खाणं नाही तर इन्सुलिन कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. तुम्ही जेवायला बसला आहात की रांगेत उभे आहात, हे गोळीला कळत नाही. वाढलेलं इन्सुलिन रक्तातली साखर पेशींत ढकलतं आणि यकृतालाही साखर सोडू देत नाही. त्यात रोज अंगण ते कट्टा एवढंच चालणारा माणूस त्या दिवशी काही किलोमीटर चाललेला असतो. चालताना स्नायू आपली साखर वेगळी ओढून घेतात. आणि आदल्या रात्री प्रवासात धड जेवण झालेलं नसतं, हेही धरा.

पेढ्याची साखर तास-दीड तासात संपते. गोळीचा अंमल मात्र दिवसभर टिकतो. म्हणून या गोळ्यांनी शुगर एकदा उतरली तर ती दुपारी, संध्याकाळी पुन्हा उतरू शकते. वय जास्त असेल, किडनी कमजोर असेल तर गोळी अंगात आणखी रेंगाळते. ग्लिबेनक्लामाइड या बाबतीत सगळ्यात त्रासदायक, म्हणून म्हाताऱ्या माणसांना ती आम्ही शक्यतो देत नाही.

लगेच सगळ्यांनी घाबरू नका. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर अशी सहसा कोसळत नाही. नुसत्या सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिनसारख्या गोळ्यांनीही सहसा नाही. पण आपल्याकडे एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं असतात, आणि पेशंटला ती ‘सकाळची पिवळी’ एवढीच माहीत असते. पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. नातवाला वाचायला सांगा आणि निघण्याआधी आम्हाला विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर विचारायचंच.

आता कुणी म्हणेल, सकाळचा नाश्ता सगळ्यांनाच हवा, त्यात नवीन काय? तर नाही. निरोगी माणसानं नाश्ता टाळला म्हणून काही बिघडत नाही, असंच माझं मत आहे. 2019 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी 13 चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. नाश्ता करणारे दिवसभरात सरासरी 260 कॅलरी जास्त खात होते आणि न करणाऱ्यांचं वजन किंचित, अर्ध्या किलोहूनही कमी, हलकं होतं. चाचण्या फार भक्कम नव्हत्या हे त्यांनीच म्हटलं आहे. पण नाश्ता केला की वजन उतरतं, या समजुतीला त्यात आधार सापडला नाही. आपल्याकडे दोनच वेळा जेवणारे पुष्कळ आहेत. त्यांचं छान चाललं असेल तर हॉटेलचा नाश्ता फुकट आहे म्हणून उगाच खाऊ नका.

डायबेटिस असणाऱ्याचा हिशेब वेगळा. 2015 साली इस्रायलमधल्या संशोधकांनी टाइप 2 डायबेटिसच्या 22 पेशंटना एक दिवस नाश्ता दिला आणि एक दिवस दुपारपर्यंत उपाशी ठेवलं. दुपारचं आणि रात्रीचं जेवण दोन्ही दिवशी सारखंच. नाश्ता चुकवलेल्या दिवशी दुपारच्या जेवणानंतरची साखर सुमारे 37 टक्के आणि रात्रीच्या जेवणानंतरची सुमारे 27 टक्के जास्त चढली. अभ्यास छोटा आहे, पण दवाखान्यात दिसतं ते याच्याशी जुळतं. यात्रेहून आलेल्या माणसाची शुगर सकाळी खाली आणि रात्री आभाळात असते. मग तो म्हणतो, मी तर काहीच खाल्लं नव्हतं! आणि दोन वेळा जेवायचा प्रयोग गोळ्या चालू असताना आपल्या मनानं सुरू करू नका. आधी औषधं बदलावी लागतात.

तर मुक्काम. फोनवर ‘नाष्टा आहे का’ असं विचारलं की उत्तर नेहमी ‘आहे’ असंच येतं. वेळ विचारा, आणि त्याच वेळेला खरोखर ताटात काही पडतं का, तेही विचारा. साडेसातची वेळ असली तरी गॅस साडेसातला पेटवणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. पुढचं विचारायचं म्हणजे, पहाटे साडेपाचला चहा, दूध, बिस्किटं तरी मिळतील का? आपली काकड आरती पहाटेची, पंढरपूरची रांग पहाटेची, पुण्या-मुंबईच्या गाड्या पहाटेच्या. साडेआठचा नाश्ता कितीही भरगच्च असला तरी तो या माणसाच्या उपयोगाचा नाही. मला विचाराल तर नाश्ता न देणारी, पण एसटी स्टँडसमोर असलेली साधी खोली अशा पेशंटसाठी जास्त चांगली. तिथं खाली पहाटेच उप्पीट आणि इडलीच्या वाफा निघत असतात. सीमेपलीकडे भाषेची अडचण येईल असं वाटत असेल तर ‘नाष्टा’ हा शब्द तिकडेही चालतो. वेळ बोटांवर दाखवली तरी कळते.

अक्कलकोटला अन्नछत्रात महाप्रसाद मिळतो, पोटभर मिळतो, पण तो दुपारी आणि रात्री. त्याच्या भरवशावर सकाळ काढायची नाही. गुरुवारचा उपवास असेल तर आधी गोळीचा डोस बदलून घ्या. आमच्याकडे येऊन तेवढं विचारायला संकोच वाटायचं कारण नाही. उपवास मोडा असं मी कधीच सांगत नाही, सांगून कुणी ऐकतही नाही.

मोठ्या हॉटेलात उतरणाऱ्यांची अडचण उलटी. तिथं साडेसातला वीस पदार्थ मांडलेले असतात. ब्रेड-जॅम, गोड रस, शिरा, पुऱ्या, कॉर्नफ्लेक्स. पैसे भरलेत तर खाऊन घेऊ, या हिशेबानं शुगर तीनशेला जाते. तिथं अंडी घ्या, इडली घ्या पण सांबार वाटीभर घ्या, उप्पीट घेतलं तर बरोबर दही किंवा मोडाची उसळ घ्या. फळ चावून खा, रस नको. शिरा चाखायचा असेल तर दोन चमचे. आपल्या भागातला सुसला चांगला वाटतो, हलका असतो, पण मुळात ते चुरमुरेच. साखर झटकन चढते आणि भूकही लवकर लागते. त्यावर शेंगदाणे जास्त घालून घ्या.

बरोबर काय न्यावं, हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला शिकवायची गरज पडू नये. आपल्याकडे कडक भाकरी आहे. ज्वारीची, पापडासारखी वाळवलेली, कोरड्या डब्यात बरेच दिवस टिकणारी. तिच्याबरोबर शेंगाचटणी. पहाटे सहाला खोलीतल्या खोलीत दोन तुकडे आणि चटणी खाल्ली की गोळीला आधार झाला. दात नसतील तर दुधात किंवा दह्यात कुस्करून घ्या. तरी लोक वाटेत क्रीमची बिस्किटं विकत घेतात आणि भाकरीचा डबा सीटखाली राहतो. बीपी असेल तर चटणीतलं मीठ तेवढं सांभाळा.

गोळीची वेळही प्रवासात घड्याळावर ठेवू नका. पहिल्या घासाबरोबर गोळी. काही प्रकारचं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, पण हा घरचा नियम आहे, तिथं स्वयंपाकघर आपलं असतं. बाहेरगावी ताट नजरेसमोर आल्याशिवाय सुई टोचू नका.

आणि खिशात ग्लुकोज पावडरची पुडी. अंगाला घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, अचानक भूक, चिडचिड, बोलणं तुटणं, यातलं काहीही झालं तर तीन छोटे चमचे म्हणजे 15 ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या. 15 मिनिटांनी शुगर तपासा. 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. चढली की लगेच भाकरी, पोळी, इडली असं पोटात राहणारं काही खा. काकांच्या बाबतीत नेमकं हेच राहून गेलं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. हा नंबर कर्नाटकातही चालतो.

यात दोन खाचाखोचा आहेत. व्होग्लिबोस किंवा अकार्बोज असलेली गोळी चालू असेल तर साखर, गूळ, पेढा यांचा उपयोग उशिरा होतो, कारण ती गोळी आतड्यात साखर फोडण्याचं काम मंद करते. अशांना ग्लुकोजच लागतं. आणि बीपीसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारखी गोळी असेल तर धडधड, थरथर जाणवणार नाही. घाम मात्र येतो. घामावर लक्ष ठेवा.

तपासणीसाठी सोलापूरला जाऊन हॉस्पिटलजवळच्या लॉजवर राहणाऱ्यांचीही हीच गत होते. ‘उपाशीपोटी रक्त द्यायचंय’ म्हणून नाश्ता टाळतात, गोळी मात्र सवयीनं घेतात. मग लॅबमध्ये नंबर लागेपर्यंत दहा वाजतात. डायबेटिसची गोळी रक्त देऊन झाल्यावर, खाण्याबरोबर घ्यायची. ऑपरेशन असेल तर कुठली गोळी घ्यायची, कुठली नाही, हे आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या.

सगळ्यात अवघड मुक्काम मात्र लॉजवरचा नसतो, पाहुण्यांकडचा असतो. लॉजवाल्याला आपण वेळ विचारू शकतो. विहिणीला कसं विचारणार? मुलीच्या सासरी गेलेला बाप सकाळी सहाला उठून भुकेल्या पोटी सोफ्यावर बसून राहतो. घरातल्यांच्या अंघोळी, देवपूजा, डबे, मुलांची शाळा, मग साडेनऊला पोहे. तोंड उघडून मागणं त्याच्यानं होत नाही. आमच्याकडच्या काही जुन्या माणसांना तर मुलीच्या घरचं खाणंच नको वाटतं. एक आजी मला म्हणाल्या होत्या, ‘तिथं मी गोळीच घेत नाही बघा, म्हणजे मागायला नको.’ त्या पंधरा दिवस राहून आल्या आणि आल्या आल्या शुगर 380.

आजींच्या लेकीला मी फोन लावला. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. आई सकाळी नको म्हणते, एवढंच तिला दिसत होतं. पुढच्या खेपेला तिनं आजींच्या खोलीत एक डबा ठेवला, कडक भाकरीचा, आणि शेजारी दुधाचा थर्मास. सासूबाईंनाही सांगितलं, डॉक्टरांनी औषध म्हणून लिहून दिलंय. मी खरंच चिठ्ठीवर तसं लिहून दिलं होतं, गोळीच्या वरच्या ओळीत: भाकरी अर्धी, दूध एक कप, सकाळी 6. आता पाहुण्यांकडे निघालेल्या बऱ्याच जणांना मी अशी चिठ्ठी देतो. तुम्हाला हवी असेल तर निघण्याआधी दवाखान्यात सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.